आनंदाची सक्ती

बाळंतिणीच्या खोलीला स्वतःचा एक वास असतो. ओवा आणि बाळंतशेपांची धुरी, शेगडीतले निखारे, मालिशचं तेल, बाळानं दूध ओकल्यावर दुपट्याला येणारा आंबूस वास. मराठी घरांनी बाळंतिणीच्या शरीराचा विचार पिढ्यान्‌पिढ्या फार बारकाईनं केला आहे. कानात वारं जाऊ नये म्हणून डोक्याला फडकं, कंबर भरून यावी म्हणून शेक, दूध यावं म्हणून आळिवाची खीर, अंगात ताकद यावी म्हणून डिंकाचे लाडू, पोट सुटू नये म्हणून जुन्या मऊ पातळाचा घट्ट पट्टा. सव्वा महिना जड उचलायचं नाही, गार पाण्यात हात घालायचा नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, कारण आईजवळ लेकीला मोकळेपणानं कण्हता-कुंथता येतं. या सगळ्यामागे जाण आहे आणि माया आहे. त्या मायेवरच मी वाढले, म्हणून तिच्याबद्दल मला आदरच वाटतो.

पण या बारकाईत बाळंतिणीच्या मनाची जागा रिकामी राहिली. तिथे आपण आनंद बसवून टाकला आणि तो आहेच असं धरून चाललो. डोहाळजेवणाला फुलांची वाडी भरून बसलेली बाई हसरीच असली पाहिजे. पेढा निघाला की बर्फी, यावर तिनं लाजलंच पाहिजे. बाळ छातीशी दिलं की तिला भरूनच आलं पाहिजे. बारशाच्या फोटोत ती थकलेली दिसली तर चालतं, उदास दिसली तर चालत नाही. गरोदरपण आणि बाळंतपण हा काळ सुखाचा असतोच, असं घर, शेजारपाजार आणि पाहुणे सगळे मिळून इतक्या ठामपणे सांगतात, की जिला सुख वाटत नाही ती आपल्यातच काही खोट आहे असं समजून गप्प बसते.

माझं पहिलं गर्भारपण तिसऱ्या महिन्यातच संपलं होतं. पुन्हा दिवस राहिले तेव्हा घर आनंदलं आणि मी घाबरले. ती भीती स्वयंपाक करताना, बसमध्ये, ऑफिसात सतत बरोबर असायची. बाथरूमला गेलं की आधी कपड्यावर लाल डाग दिसतोय का हे बघायचं. सोनोग्राफीच्या टेबलावर पोटावर गार जेल पसरलेलं असायचं, डॉक्टर पडद्याकडे बघत गप्प असायचे आणि तेवढा वेळ माझा श्वास अडकलेला असायचा. ठोके ऐकू आले की काही दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच. पुढे बाळ हलायला लागलं, तर हललं नाही की भीती आणि फार हललं तरी भीती. कुणापाशी बोलावं तर उत्तर ठरलेलं असायचं, ‘चांगले विचार कर गं, बाळावर परिणाम होतो.’ सांगणारीच्या मनात मायाच असे. मला मात्र त्या वाक्यानं आणखी एक भीती मिळे: आता मी घाबरते म्हणून माझ्या बाळाला काही होणार.

या वाक्याचं मूळ फार खोल आहे. सुभद्रेच्या पोटात असताना अभिमन्यू चक्रव्यूहाचं रहस्य ऐकत होता, ऐकता ऐकता सुभद्रेला झोप लागली आणि बाहेर पडण्याची वाट ऐकायची राहून गेली, ही गोष्ट आपल्याकडे प्रत्येक गर्भारशीला कुणी ना कुणी सांगतंच. गर्भसंस्काराच्या वर्गातही ती सांगितली जाते. मी ती ऐकते तेव्हा मला सुभद्रेच्या झोपेबद्दल वाईट वाटतं. पोटुशी बाई होती, थकलेली असणार, डोळा लागला. पुढे कुरुक्षेत्रावर एकट्या पोराला कौरवांच्या महारथ्यांनी घेरून मारलं, आणि लोककथेनं त्या मरणाचा धागा आणून आईच्या डुलकीला बांधला. गर्भारशीचं मन कसं आहे याची विचारपूस आपण करतो ती पोटातल्या जिवासाठी. तिच्यासाठी म्हणून ती क्वचितच होते.

आनंदीबाई जोशींची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. चौदाव्या वर्षी त्या बाळंत झाल्या, बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं आणि त्यातून त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं. 1886 साली पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या, प्रबंधही प्रसूतिशास्त्रावरच लिहिला. हे सगळं अभिमानानं सांगावं असंच आहे. पण त्या दहा दिवसांनंतरच्या रात्री, पान्हा आलेला आणि पाळणा रिकामा अशी ती चौदा वर्षांची पोर कशी झोपली असेल, याच्याकडे ही गोष्ट थांबून बघत नाही. तिचं दुःख आपण तिच्या कर्तृत्वाच्या खात्यात जमा करून मोकळे झालो. ज्यांच्या दुःखातून पुढे काहीच घडलं नाही, अशा असंख्य बाळंतिणींचं दुःख मग कुठेच नोंदलं गेलं नाही.

आता ते मोजलं जाऊ लागलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार विकसनशील देशांत गरोदरपणी शंभरातल्या जवळजवळ 16 आणि बाळंतपणानंतर जवळजवळ 20 स्त्रियांना मानसिक आजार होतो. त्यात नैराश्य मुख्य. भारतातल्या 38 अभ्यासांचा, म्हणजे 20 हजारांहून जास्त बाळंतिणींचा एकत्रित आढावा 2017 साली प्रसिद्ध झाला, त्यात प्रसूतीनंतरच्या नैराश्याचं प्रमाण 22 टक्के निघालं. एखाद्या बारशाला पाच बाळंतिणी जमल्या, तर त्यांतली एक आतून बुडत असण्याचा संभव आहे.

आणि हे सगळं बाळंतपणानंतरच सुरू होतं असंही नाही. पुष्कळ जणींना ते गरोदरपणातच धरतं. म्हणूनच 2013 साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या निदानाच्या सूचीत गरोदरपण आणि प्रसूतीनंतरचे आठवडे असा दोन्ही बाजूंचा काळ एकत्र धरला.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कारण नसताना रडू येणं, चिडचिड होणं, क्षणात हसू आणि क्षणात डोळ्यांत पाणी हे तर निम्म्याहून जास्त बाळंतिणींना होतं. गरोदरपणी भरभरून असलेली संप्रेरकं प्रसूतीनंतर काही दिवसांतच एकदम उतरतात, त्यात झोप नसते, टाके दुखत असतात. हे रडू साधारण दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. ओसरलं नाही, उलट वाढत गेलं, बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, खाण्यावर वासना नाही, बाळाकडे बघून काही वाटत नाही किंवा सतत छातीत धडधड आणि ‘काहीतरी वाईट होणार’ असं वाटतं, तेव्हा तो आजार असतो. क्वचित, हजार बाळंतपणांत एक-दोनदा, पहिल्या पंधरवड्यातच बाईचं भान सुटतं, झोप पार उडते, भास होतात, भलत्याच समजुती मनात घट्ट बसतात. ही तातडीची वेळ असते. अंगारे-धुपारे करत एक दिवसही दवडू नये, तिला सरळ दवाखान्यात न्यावं.

माझी भाची पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सिझेरियन झालेलं, बाळ गुटगुटीत, दूध भरपूर. घर निर्धास्त होतं. मदतीला म्हणून मी रात्री तिच्या खोलीत झोपत असे. एका रात्री जाग आली तर ती कॉटवर बसून बाळाच्या छातीवर पंजा ठेवून होती. बाळ गाढ झोपलेलं. ती त्याचे श्वास मोजत होती.

‘झोप गं जरा,’ मी म्हटलं.

‘मावशी, मी झोपले आणि याचा श्वास थांबला तर?’

मी उठून तिच्याशेजारी बसले. बऱ्याच वेळानं, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, ‘स्वयंपाकघरातली विळी कुठेतरी आत ठेवशील? ती दिसली की माझ्या मनात भयंकर काहीतरी येतं. मी याला घेऊन गॅलरीतसुद्धा जात नाही. मावशी, मला वेड लागतंय का?’

तिच्या हाताला घाम आला होता. एवढं बोलायला तिनं किती दिवस जमवाजमव केली असेल, हे मला तेव्हा कळलं. मी विळी आत ठेवून आले आणि म्हटलं, ‘सांगितलंस ते फार बरं केलंस. आपण सकाळी डॉक्टरांकडे जाऊ. मी येते बरोबर.’ मग बाळाला मी घेतलं आणि तिला पहाटेपर्यंत झोपू दिलं.

मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि जे सांगितलं, ते प्रत्येक घरात माहीत असायला हवं. बाळाला इजा होईल, कदाचित आपल्याच हातून होईल, असे नकोसे विचार नव्या आयांच्या मनात पुष्कळदा येतात. चिंतेच्या आजारात ते पुन्हा पुन्हा येऊन छळतात. अशी आई त्या विचारानं हादरते, म्हणून विळी लपवते, गॅलरी टाळते, रात्रभर पहारा देते. तिची सगळी धडपड बाळाला जपण्याचीच असते. मात्र ज्या बाईला असे विचार भयंकर न वाटता बरोबरच वाटू लागतात किंवा कुणीतरी आज्ञा देतंय असं ऐकू येतं, तिची गोष्ट वेगळी. तिला त्याच क्षणी उपचार हवेत. हा फरक जाणकारानं तपासायचा असतो. आणि तो तपासला जाण्यासाठी आधी बाईला हे उच्चारता आलं पाहिजे.

डॉक्टरांनी तिचं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासलं, कारण या दोन्हींच्या बिघाडानंही मन खचतं. गोळी सुरू केली, दर आठवड्याला बोलायला बोलावलं आणि रात्रीचा एक सलग झोपेचा तुकडा तिला मिळालाच पाहिजे, असं घरच्यांना बजावलं. ‘अंगावर पाजतेय, गोळ्या कशा घ्यायच्या?’ ही तिची पहिली शंका. सर्ट्रालिनसारख्या औषधाचा फार थोडा अंश दुधात उतरतो आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली पाजणं चालू ठेवता येतं, हे कळल्यावर तिच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला दिसला. हळूहळू ती सावरली. आज ती बरी आहे.

या सगळ्याला घरात विरोध झाला तो माझ्या आईकडून. ‘आम्ही नाही का पोरं काढली? आम्हाला नव्हती ही थेरं.’ मग एका दुपारी बाळाला मांडीवर घेऊन आई स्वतःच बोलू लागली. माझी थोरली काकू दुसऱ्या मुलानंतर मळ्यातल्या विहिरीच्या काठावर जाऊन बसायची. हाक मारली तरी ओ द्यायची नाही. बाहेरचं लागलंय म्हणून देवऋषी आणला, उतारे टाकले, मूल सासूनं ओढून घेतलं. ‘रोज तिला कुणीतरी धरून आणायचं,’ आई म्हणाली, ‘पण तुला काय होतंय, असं कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा धाकटी जाऊ, घाबरायची.’ पूर्वीच्या बायकांनाही हे सगळं होत होतं. त्याला बाहेरची बाधा, दृष्ट, वारं, हट्ट, आळस अशी नावं दिली गेली आणि त्या नावांखाली आजार दबून राहिला.

घराच्या चार भिंतींबाहेरचं पाहिलं की या आजाराची मुळं आणखी स्पष्ट दिसतात. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात गरोदर स्त्रियांची नोंद घेऊन नंतर त्यांना पुन्हा भेटून केलेला एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या 23 टक्के स्त्रिया नैराश्यात होत्या. अशा दहांपैकी जवळजवळ आठ जणींचं मन गरोदरपणातच ढासळलेलं होतं, आणि निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या. आर्थिक ओढाताण आणि नवऱ्याशी बिघडलेलं नातं ही मोठी कारणं दिसली. मुलगी झाली की धोका वाढत होता. घरातली मारहाण आणि भूक यांचा परिणामही मूल मुलगा आहे की मुलगी यावर कमीजास्त होत होता. संप्रेरकं तर सगळ्यांचीच उतरतात. पण मुलगी झाली म्हणून दवाखान्यात सासरचं कुणी फिरकत नाही, तेव्हा त्या बाईच्या मनाचं जे होतं त्याचं कारण रक्ततपासणीत सापडत नाही.

सव्वा महिन्याची माया तरी कुणाच्या वाट्याला येते? बीडहून ऊसतोडीला जाणारी बाई दिवस भरत आले तरी फडात मोळ्या उचलत असते, कोपीत बाळंत होते आणि आगाऊ घेतलेली उचल फेडायची असते म्हणून थोड्याच दिवसांत बाळाला बांधावर झोळीत ठेवून पुन्हा कोयता हातात घेते. शहरातल्या फ्लॅटमध्ये बारा-वीस मजले वर, नवरा कामावर गेल्यावर दिवसभर एकटी बाळाला घेऊन बसलेली बाई निराळ्या तऱ्हेनं एकाकी असते. पाय मोकळे करायला अंगण नाही आणि भिंतीपलीकडे कोण राहतं हे माहीत नाही. बाळ दगावलं, बाळ काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, तर आईची वेदना किती वाढत असेल हे सांगायला नको. बापही यातून सुटत नाहीत. दहांतल्या सुमारे एका बापाला या काळात नैराश्य येतं, आणि पुरुषाला तर ते बोलायची त्याहून चोरी.

आपल्या बायकांनी दुःख बोलण्याची एक जागा मात्र फार पूर्वीच शोधली होती. ती म्हणजे जातं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आणि त्यांच्या गावोगावच्या सहकाऱ्यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सासुरवास, माहेरची ओढ, लेकराची काळजी, एकटेपण सगळं त्यांत आहे. पहाटेच्या अंधारात खुंट्याला हात लावून पुष्कळदा दुसरी बाई समोर बसलेली असे. ती सल्ले द्यायची नाही, ‘चांगले विचार कर’ म्हणायची नाही. हिची ओवी संपली की ती आपली ओवी जोडायची. दुःख सांगायला समोर कुणीतरी लागतं, आणि ऐकणारीनं घाबरून जायचं नसतं, हे त्या बायकांना शिकवावं लागलं नाही.

गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेनं जे केलं, ते मला या परंपरेच्या जवळचं वाटतं. त्याची सुरुवात पाकिस्तानातल्या रावळपिंडीजवळच्या खेड्यांत झाली. तिथे डॉ. आतिफ रहमान आणि सहकाऱ्यांनी गावातल्या आरोग्यसेविकांना नैराश्यातल्या गरोदर स्त्रियांशी आणि बाळंतिणींशी कसं बोलायचं हे शिकवलं. 2008 साली निष्कर्ष आले. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा ज्यांच्याकडे प्रशिक्षित सेविका जात होती, त्यांच्यात 23 टक्के अजून नैराश्यात होत्या. इतरांत 53 टक्के. पुढे गोव्यात त्याच वस्तीतल्या, स्वतः आई असलेल्या साध्या बायका हे काम करू लागल्या. त्यांना सखी म्हणत. डिग्री नाही, मानसशास्त्राचा अभ्यास नाही. घरी जायचं, बसायचं, ऐकायचं, एखादं छोटं पाऊल दोघींनी मिळून ठरवायचं, पुन्हा जायचं. त्या चाचणीतही सखी ज्यांच्याकडे जात होती, त्यांत सहा महिन्यांनी बऱ्या झालेल्यांचं प्रमाण जास्त दिसलं.

महाराष्ट्रात तर अशी दारापर्यंत जाणारी बाई आहेच. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताईनं पहिल्या 42 दिवसांत साधारण सहा वेळा जायचं असतं. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही रीत ज्या कामातून देशभर पोचली, ते राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीत उभं केलं. आशाताई बाळाचं वजन करते, ताप बघते, आईचं रक्त जातंय का, बाळ नीट पितंय का विचारते. तिथेच आणखी काही प्रश्न सहज बसू शकतात. 1987 साली एडिंबरोला जॉन कॉक्स, जेनिफर होल्डन आणि रूथ सागोव्स्की यांनी बाळंतिणींसाठी दहा प्रश्नांची एक साधी यादी तयार केली. जगभर आजही ती वापरतात. गेल्या सात दिवसांत हसू आलं का, विनाकारण भीती वाटली का, झोप येईनाशी झाली का, रडू येतं का. शेवटचा प्रश्न, स्वतःला इजा करावीशी वाटली का. विचारल्यानं तो विचार नव्यानं मनात येत नाही. आधीच मनात असेल, तर तो बोलून दाखवायला वाव मिळतो. अर्थात प्रश्न विचारण्याआधी उत्तराची सोय हवी. आशाताईचा मोबदला आणि वेळ वाढायला हवा, तालुक्याला मनाचा डॉक्टर हवा आणि तिथवर जायला गाडी हवी.

काही गोष्टी झाल्याही आहेत, त्या लोकांना ठाऊक असाव्यात. 14416 या टेली-मानसच्या नंबरवर दिवसरात्र फुकट बोलता येतं. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये 2009 पासून आई आणि बाळाला एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग आहे. आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सांगितलं आहे की, उपचारासाठी दाखल झालेल्या आईपासून तिचं तीन वर्षांखालचं मूल साधारणपणे तोडायचं नाही. माझ्या थोरल्या काकूचं मूल घरातच ओढून घेतलं गेलं, तिथवर हा कायदा पोचत नाही; पण आईपासून मूल तोडू नये, हे निदान दवाखान्यापुरतं तरी त्यानं मान्य केलं आहे.

बाकीचं काम घराघरांत आपलं आहे. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन कमी आलं तर आपण तिला दोष देत नाही. गोळ्या देतो, पालेभाजी वाढतो, पुन्हा तपासतो. मनाचंही इतक्याच साधेपणानं व्हायला हवं. भेटायला गेलं की बाळाचा रंग आणि नाक बघण्याआधी बाळंतिणीजवळ बसावं. ‘झोप मिळते का? मन कसं आहे? भीती वाटते का?’ असं विचारावं आणि उत्तर येईपर्यंत थांबावं. ती म्हणाली की मला बाळाबद्दल काही वाटतच नाही, तर दचकू नये. तिला ‘एवढं सगळं चांगलं असताना’ असं म्हणू नये. बाळाला दोन तास सांभाळावं, भांडी घासून द्यावीत, डॉक्टरांकडे बरोबर जावं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जावं.

आनंद यायचा तेव्हा येईल, पुष्कळदा तो उशिराच येतो, आणि उशिरा आलेल्या आनंदानं आईपण उणं होत नाही. तोवर तिला झोप हवी, औषध हवं, ऐकणारं माणूस हवं. बाळासाठी तिनं बरं व्हावं हे खरंच आहे. पण पोटात बाळ नसतं, मांडीवर मूल नसतं, तरीही तिचं दुखणं दुखणंच असतं आणि त्यावर उपचार मिळणं हा तिचा स्वतःचा हक्क असतो.